देवाच्या खात्यावर काय मांडायचं?

देपालपूर, 1791

नोव्हेंबर सरत आला आहे. अंगात बंडी घाला, खांद्यावर घोंगडी टाका, पायात जाड वहाणा असू द्या. माळव्यातली पहाटेची थंडी हाडांपर्यंत जाते. घड्याळ, चष्मा, मोबाइल आपल्या शतकात ठेवून या. कनवटीला दोन-चार रुपये हवेत, पण होळकरांच्या टांकसाळीचे. नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं आणि त्याच नाण्यावर शिवलिंग नि बेलाचं पान. हे नाणं इथे कुणीही बिनतक्रार घेईल.

तुम्ही तलावाच्या पाळीवर उभे आहात. गावाला देपालपूर हे नाव परमार राजा देवपालावरून पडलं, असं सांगतात. पाळीपलीकडे काळीभोर जमीन दिसेल तिथवर पसरली आहे. गहू घोट्याएवढा आला आहे, हरभऱ्याला दव आहे, आणि मधल्या वाफ्यांत अफूची कोवळी रोपं नीट ओळीत उभी आहेत. उन्हं वर येईपर्यंत थांबा, मग कचेरीच्या ओसरीवर जाऊन बसा.

ओसरीवर एक कारकून मांडी घालून बोरूने मोडीत लिहितो आहे. तुम्ही मराठीत बोललात म्हणून त्याला बरं वाटतं. त्याच्या शेजारी वह्यांचे दोन गठ्ठे आहेत, वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेले. एक दौलतीचा, दुसरा खासगीचा. तुम्ही विचारण्याआधीच तो सांगू लागतो. 1734 मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर लावून दिली. महेश्वर, चोळी, सांवेर, हातोद यांच्या पंगतीत देपालपूरचंही नाव त्या जहागिरीत होतं. इथून जवळच असलेलं गौतमपुरा हे त्याच बाईंच्या नावाचं. 1761 मध्ये त्या वारल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा पैसा फौजफाट्याला, खासगीचा पैसा मातुश्रींच्या धर्मकार्याला. "एका वहीतली कवडी दुसरीत जात नाही," असं म्हणताना कारकुनाचा चेहरा उजळतो.

काशीविश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये पुन्हा उभं राहिलं, सोमनाथाला 1783 मध्ये नवं देऊळ झालं, गयेला विष्णुपद बांधलं गेलं, कुठे कुठे घाट, विहिरी आणि धर्मशाळा झाल्या. त्या सगळ्यामागे अशाच ओसऱ्यांवर लिहिलेल्या खासगीच्या वह्या आहेत. हे दोन गठ्ठे लक्षात ठेवा. पुढच्या वाटेवर त्यांचं काम पडणार आहे.

कारण इथे पोचल्याबरोबर एक ओझं तुमच्या डोक्यावर आलं आहे. 3 डिसेंबरला महेश्वरी अहिल्याबाईंचे जावई यशवंतराव फणसे वारणार आहेत आणि त्यांच्या मागे त्यांची पत्नी, अहिल्याबाईंची एकुलती मुलगी मुक्ताबाई सती जाणार आहे. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा याआधीच गेला आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे. कारकुनाला नाही, आणि अजून मातुश्रींनाही नाही. काळात मागे जाणाऱ्याने बघायचं, बदलायचं काही नाही, असा या प्रवासाचा नियम आहे.

ज्याला सगळं आधीपासून माहीत असतं आणि तरी जो हात हलवत नाही, त्याला माणसांनी आजवर काय काय म्हटलं आहे? देव दयाळू आहे, समर्थ आहे, सर्वज्ञ आहे, मग हे दुःख कशाला, हा माणसाचा सगळ्यांत जुना दावा. आठवडाभरासाठी या दाव्यात तुम्हीही आरोपी आहात. तुमच्याकडे निदान सबब तरी आहे, तुम्ही समर्थ नाही. देवाला तीही नाही.

कुंभेर, 1754

महेश्वरची वाट धरण्याआधी दोनदा आणखी मागे जा. पहिला मुक्काम भरतपूरजवळ कुंभेरच्या किल्ल्यापुढे. मार्च महिना, धूळ, आणि मराठ्यांच्या छावणीत एकाएकी पडलेली शांतता. सूरजमल जाटाच्या किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या गोळ्याने अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर ठार झाले आहेत. अहिल्याबाई छावणीतच आहेत. वय अठ्ठावीस. पदरी मालेराव आणि मुक्ता अशी दोन लहान मुलं.

चिता रचली जाते. खंडेरावांच्या इतर बायका सती जातात. अहिल्याबाईही निघतात. तेवढ्यात मल्हारराव आडवे येतात. अटकेपर्यंत ज्याच्या नावाचा दरारा जाणार आहे, तो साठीचा सरदार सुनेपुढे ओक्साबोक्शी रडतो. मुलगा गेलाच, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने आणि या दौलतीने कुणाच्या तोंडाकडे पाहायचं, असा त्याचा आकांत आहे. अहिल्याबाई थांबतात.

इथे घाईने पुढे जाऊ नका. एक माणूस मध्ये आला आणि एक जीव वाचला. मल्हाररावांनी नुसतं "जाऊ नको" म्हटलं नाही. जगून काय करायचं, त्याचं उत्तर त्यांनी समोर ठेवलं. रसद, तोफखाना, वसुली आणि पत्रव्यवहार हे सगळं पुढे या सुनेने पाहिलं. देवाने तिला वाचवलं असं म्हणायला हरकत नाही, पण मग बाकीच्या चितेवर गेल्या त्यांचं काय म्हणायचं, तेही त्याच दमात सांगावं लागेल.

या प्रश्नाने तिकडे युरोपही लवकरच हादरणार आहे. लाइब्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1710 मध्येच मांडून ठेवलं होतं की देवाला शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच सर्वांत चांगलं. कुंभेरनंतर दीड वर्षाने, 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बनमध्ये भूकंप झाला. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर चर्चची छतं कोसळली. उरलेलं शहर समुद्राच्या लाटेने आणि आगीने संपवलं. 1759 मध्ये व्हॉल्तेअरने 'कांदीद' लिहून त्या 'सर्वांत चांगल्या जगा'ची यथेच्छ टर उडवली. तिकडे वाद ग्रंथांतून झाला. इकडे तोच प्रश्न पांढरं लुगडं नेसून रोज पूजेला बसत होता.

माळवा, 1767

दुसरा मुक्काम होळकरांच्या वाड्यात. गेल्या मे महिन्यात मल्हारराव आलमपूरला वारले. सुभेदारी बावीस वर्षांच्या मालेरावाकडे आली आहे. आणि हा मुलगा आईसारखा नाही. ब्राह्मणांना दान द्यायच्या वस्त्रांत आणि जोड्यांत तो विंचू ठेवायचा आणि आई त्यापायी रडायची, असं लोक सांगत.

आता तो अंथरुणावर आहे, भ्रमिष्ट झालेला. कंपनी सरकारचा अधिकारी सर जॉन माल्कम 1818 नंतर माळव्यात होता तेव्हा त्याने ही हकीकत लोकांकडून ऐकली आणि 1823 मध्ये छापली. जरीकाम करणाऱ्या एका कारागिरावर मालेरावाचा संशय गेला आणि त्याने त्याला ठार केलं. मागाहून कारागीर निर्दोष असल्याचं कळलं आणि पश्चात्तापाने मालेरावाचं डोकं फिरलं. मेलेल्याचं भूत त्याला लागलं, अशी सगळ्यांची खात्री. आई दिवसरात्र उशाशी बसून त्या भुताची मनधरणी करते, देऊळ बांधते म्हणते, घरच्यांना इनाम देते म्हणते. उत्तर एकच येतं: मी निरपराध होतो, मी याचा जीव घेणार. 1767 मध्येच मालेराव गेला.

कर्माचा हिशोब मानणाऱ्याला ही गोष्ट फार सोयीची आहे. केलं तसं भोगलं. पण तुम्ही त्या उशाशी उभे आहात, तर जरा त्या कारागिराचाही विचार करा. त्याने काय केलं होतं? मालेरावाच्या मरणाने हिशोब जुळतो म्हणणाऱ्याला कारागिराच्या मरणाशी पोचलं की मागच्या जन्मात शिरावं लागतं. आणि आईला तर तेही पुरत नाही. गुन्हा मुलाचा, शिक्षा मुलाची. पुत्रशोकाची शिक्षा कुणाच्या गुन्ह्याची?

जाम घाट, 1791

आता पुन्हा आपल्या वाटेवर. देपालपूरहून बेटम्यावरून दक्षिणेला उतरत, बैलगाडीने आणि पायी, तुम्ही विंध्याच्या कडेला पोचता. इथे पठार एकाएकी संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. कडेवर दगडी जाम दरवाजा उभा आहे, अहिल्याबाईंनी याच वर्षी बांधून घेतलेला. चुना अजून नवा दिसतो. रात्र इथेच काढा.

शेकोटीला एक शास्त्रीबुवा भेटतात. महेश्वरी पुराण सांगायला निघाले आहेत. पोहे तुमच्यापुढे सरकवून ते विचारपूस करतात. तुमच्या मनात जे आहे ते विचारून टाका.

"शास्त्रीबुवा, देव दयाळू. मग मातुश्रींच्याच वाट्याला हे सगळं का? नवरा, मुलगा, आता नातू."

"हा प्रश्न काही तुम्ही पहिल्यांदा विचारत नाही," ते हसून म्हणतात. बादरायणांनी ब्रह्मसूत्रांत तो स्वतःच उभा केला आहे, अगदी आरोपपत्रासारखा. एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देतो म्हणून ईश्वर पक्षपाती, आणि सगळ्यांचा संहार करतो म्हणून निर्दय. उत्तरही तिथेच आहे. ईश्वर मनाला येईल तसं वाटप करत नाही, ज्याच्या त्याच्या कर्माला धरून देतो. आचार्यांनी त्याला पावसाची उपमा दिली. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो. भात उगवायचा की जव, ते बियाणावर ठरतं.

"आणि पहिलं कर्म कुठून आलं?"

"संसार अनादि आहे."

म्हणजे मागली बाकी पुढे ओढत आलेली वही, जिचं पहिलं पान कुणी पाहिलेलं नाही. उत्तर हुशार आहे, लाइब्निट्सच्या उत्तरापेक्षा शतकांनी जुनं आहे, आणि देवाला ते निर्दोष सोडवतं. पण तुम्ही देपालपूरच्या शेतांमधून आला आहात, आणि यंदा दख्खनेत काय चाललं आहे तेही तुम्हाला ठाऊक आहे. दख्खन, गुजरात, निजामाचा मुलूख इथे पाऊस हुकून दुष्काळ पडला आहे. मेलेल्यांना जाळायला आणि पुरायला माणसं उरली नाहीत, वाटांवर कवट्या पडल्या, म्हणून लोक पुढे त्याला कवट्यांचा दुष्काळ म्हणणार आहेत.

"शास्त्रीबुवा, पाऊस सगळ्या शेतांवर सारखा कुठे पडतो?"

ते काही क्षण गप्प राहतात. मग म्हणतात, "त्या मुलखाचंही काही कर्म असेल."

ते वाईट माणूस नाहीत. पण याच वाक्याशी तो सिद्धांत धोक्याचा होतो. माझं दुःख माझ्या कर्माचं, असं एखाद्याने स्वतःपुरतं म्हटलं तर त्याला त्यातून बळ येऊ शकतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या भुकेबद्दल उच्चारलं की देवाबरोबर बोलणाराही निर्दोष सुटतो, आणि शेतात विहीर खणायचं कारण उरत नाही.

महेश्वर, 3 डिसेंबर 1791

नर्मदा संथ आहे. घाटावर गर्दी आहे, आणि त्या गर्दीत तुम्ही.

सकाळपासून आई मुलीची समजूत घालते आहे. माल्कमने जे ऐकलं त्याप्रमाणे अहिल्याबाईंनी देवाची आण घातली, या म्हातारीला एकटी टाकून जाऊ नको म्हणून पाया पडल्यासारख्या विनवण्या केल्या. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी केलेला आकांत आता त्या स्वतः करताहेत. मुक्ताबाई प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणतात. तुम्ही म्हाताऱ्या आहात, थोड्या वर्षांत तुमचं पुण्यवान आयुष्य संपेल. माझा नवरा गेला, एकुलता मुलगा गेला. तुम्ही गेल्यावर मी कशासाठी जगू? आणि तेव्हा मानाने जायची वेळ निघून गेलेली असेल.

पुन्हा ऐका: मानाने जायची वेळ. कुंभेरला सासऱ्याने सुनेपुढे दौलत ठेवली होती. इथे निपुत्रिक विधवेपुढे ठेवायला भोवतालच्या समाजाकडे काय आहे? केस उतरवणं, एक कोपरा, आणि कुणाच्या तरी दारी उरलेलं आयुष्य. मुक्ताबाई वेड्या नाहीत. त्यांच्यापुढे मांडलेल्या दोन वाटांपैकी एकीला समाजाने मान लावून ठेवला आहे आणि दुसरीला अपमान.

यात्रा निघते. अहिल्याबाई चालत येतात. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी त्यांचे दोन्ही दंड धरले आहेत. पहिली ज्वाळा दिसते आणि इतका वेळ स्वतःला सावरून उभी असलेली सहासष्ट वर्षांची बाई किंचाळते. हात सुटत नाहीत म्हणून ते हात ती दातांनी चावते. गर्दी जयजयकार करते. मग सगळं संपतं, त्या नर्मदेत स्नान करतात आणि वाड्यात निघून जातात.

तुम्ही काही केलं नाहीत. प्रवासाचा नियम. पण तुमच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांना असा कोणताही नियम नव्हता. त्यांचे हात मोकळे होते. देव हे का होऊ देतो, असं विचारायला तोंड उघडण्याआधी आजूबाजूला पाहा: लाकडं कुणी रचली, मुहूर्त कुणी काढला, जयजयकार कुणी केला, आईचे हात कुणी धरले? एकाही प्रश्नाचं उत्तर देव नाही.

तीन दिवसांनंतर

तीन दिवस अहिल्याबाई अन्नाला शिवत नाहीत, जवळजवळ बोलत नाहीत. त्यानंतर हळूहळू सावरतात आणि लेकीच्या स्मरणार्थ वास्तू बांधायला सांगतात. मग पूर्वीचा क्रम सुरू होतो: सूर्योदयाआधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधं जेवण, दुपारी दोनच्या सुमारास पांढऱ्या लुगड्यात दरबारात, तिथे सूर्यास्तापर्यंत, पुन्हा पूजा, आणि रात्री अकरापर्यंत कारभार. हुकमाच्या कागदावर त्यांच्या नावाऐवजी 'श्रीशंकर'. आपल्या हातून जी सत्ता वापरली जाते तिचा जाब देवाला द्यायचा आहे, अशी त्यांची धारणा होती.

दरबारात मागच्या रांगेत बसा. विधवांचे अर्ज येतात. निपुत्रिक सावकार मेला की त्याच्या धनावर सरकारने हात मारायचा, ही सगळीकडची वहिवाट. इथे ती चालत नाही. इंदूरच्या एका सावकाराच्या धनात होळकरांच्या फौजेचे प्रमुख तुकोजी होळकर यांनी वाटा मागितला तेव्हा विधवेची फिर्याद ऐकून अहिल्याबाईंनी खुद्द तुकोजींना हात आवरायला लावले. खरगोणच्या दोन विधवा आपण होऊन संपत्ती अर्पण करायला आल्या, तर ती न घेता त्यांनाच तिचा विनियोग लोकांच्या कामी करायला सांगितलं. उन्हाळ्यात वाटांवर पाणपोया, थंडीत गरिबांना कांबळी, नांगरणाऱ्या बैलांना भर उन्हात थांबवून पाणी पाजणारी माणसं, आणि शेतांतून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी विकत घेतलेली उभी शेतं.

ओसरीवरचे दोन गठ्ठे आता आठवा. या बाईंनी देवाला निर्दोष ठरवणारा एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या वागण्याकडे पाहिलं तर मात्र असं दिसतं की दुःखाच्याही त्यांनी दोन वह्या केल्या होत्या. ज्या दुःखामागे माणसाचा हात आहे त्याची सुनावणी दरबारात. पावसासारखं, आजारासारखं, नातवाच्या मरणासारखं जे कुणाच्याच हातचं नाही, ते शंकरापुढे. तिथे त्यांना उत्तर मिळालं का, कळायला मार्ग नाही. उत्तर मिळेपर्यंत पूजा थांबवली नाही आणि पूजा चालू आहे म्हणून दरबारही थांबवला नाही, एवढं स्वच्छ दिसतं.

पण हिशोबात एक रक्कम चुकीच्या वहीत गेली, हेही बोललं पाहिजे. मुक्ताबाईंना आईने विनवलं. राज्यकर्तीने हुकूम काढला नाही. इतरांच्या विधवांचं धन ज्या लेखणीने वाचवलं, ती विधवांच्या चितेपाशी आली नाही. धर्माची गोष्ट म्हणून ती देवाच्या वहीत राहिली. 4 डिसेंबर 1829 रोजी कंपनी सरकारने बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा केला, त्याला राममोहन रॉय यांच्यासारख्यांच्या बोलण्या-लिहिण्याचा आधार होता. मुक्ताबाईंनंतर अडतीस वर्षांनी, जे दुःख शतकानुशतकं ईश्वरी इच्छा म्हणून मांडलं जात होतं ते एका सहीने माणसांच्या खात्यावर आलं, आणि तिथे आल्यावरच ते फिटू लागलं.

तेव्हापासून देवाच्या वहीतून कितीतरी नोंदी अशाच बाहेर आल्या आहेत. देवी हे नावच मिरवणारा रोग लशीने संपला. पाऊस अजूनही हुकतो. पण हुकलेल्या पावसाने किती माणसं मरायची हे धान्याची कोठारं, रेल्वे आणि सरकारी हुकूम ठरवतात, हे आता आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ती वही पातळ होत जाते, पण कोरी होत नाही. नथ्याबासारखं तरणं पोर जातं, आणि त्यापुढे बादरायण, लाइब्निट्स, व्हॉल्तेअर सगळेच अपुरे पडतात. देव मानणाऱ्याला तिथे गप्प बसायची गरज नाही. अहिल्याबाई घाटावर किंचाळल्या, आणि दुसऱ्या पहाटे त्यांच्या श्रद्धेला त्याचा विटाळ झाला नाही.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी अहिल्याबाई वारल्या. तुम्ही परत निघताना त्यांच्याकडून श्रद्धा घ्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हिशोबाची शिस्त मात्र घ्या. एखादं दुःख देवाच्या नावावर टाकण्याआधी त्यात हात कुणाचे होते ते तपासा, आणि त्या हातांना जाब विचारा. तपासून जे उरेल ते देवापुढे ठेवा, हवं तर भांडून ठेवा. आणि दुसऱ्याच्या दुःखाचं कारण आपल्याला कळलं आहे, असं त्याच्या तोंडावर कधीही सांगू नका.